वेलणकरणीचा सूर्य

मिस्टर हॅरिसनी खिशातून तो बिल्ला काढला आणि टेबलावर केतकीसमोर ठेवला. माझ्यासमोर नाही. मी त्यांच्या अगदी पुढ्यात बसले होते आणि केतकी टेबलाच्या टोकाला होती. तरी त्यांनी हात लांब करून तो तिच्याच पुढे ठेवला. तिने "ओह, हाऊ लव्हली" म्हटलं आणि हॅरिस लाजले. हे काम हिच्या हाती जाऊ द्यायचं नाही, हे मी तिथेच ठरवलं.

मी तेव्हा नोएडातल्या एका एक्सपोर्ट कंपनीत मर्चंडायझर होते. मर्चंडायझर म्हणजे परदेशी बायर आणि आपले कारागीर यांच्यामधला माणूस. बायरला काय हवंय ते कारागिराला समजावायचं, कारागिराला काय जमणार नाही ते बायरला गोड शब्दांत कळवायचं आणि माल लेट झाला की दोन्हीकडून बोलणी खायची. आमचा माल म्हणजे जरीकामाचे बिल्ले. परदेशी शाळांचे, क्लबांचे, बँडवाल्यांच्या टोप्यांवरचे. देशाची दारं नुकती उघडली होती. फॅक्स मशीन दिवसभर कागद ओकत असायचं. आजूबाजूच्या सेक्टरांत दर महिन्याला नवी फॅक्टरी उभी राहत होती. रस्त्यांना दिवे मात्र नव्हते.

या कंपनीत मी टायपिस्ट म्हणून लागले होते. मर्चंडायझर होईपर्यंत केस पांढरे व्हायला लागले. केतकी रानडे पुण्याहून आली ती थेट माझ्या बरोबरीच्या हुद्द्यावर. डिझाइनची डिग्री होती. तिला एसी केबिन मिळाली, मला एसीचं पाणी गळायचं ती भिंत मिळाली. ती स्वतःची मारुती चालवत यायची आणि मी सरोजिनी नगरहून निघणाऱ्या चार्टर्ड बसमध्ये आयुष्य काढलेली बाई. नोएडात फ्लॅट घेतला तेव्हा कुठे ती बस सुटली. केतकीच्या कानात चांदीचे मोठे झुमके असायचे. ती फोनवर हसली की ते वाजायचे. मला माझ्या टेबलापर्यंत ऐकू यायचे.

आणि ती मला शुभाताई म्हणायची. तेही इतक्या मनापासून की रागावायला काही जागाच ठेवायची नाही.

तर बिल्ला. ढालीच्या आकाराचा, तळहातात मावेल एवढा. वर निळी पट्टी, तिच्यात एक सूर्य आणि एक चांदणी, खाली लाल-पांढरे उभे पट्टे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन फौज हिंदुस्थानात होती, दिल्लीतही होती. त्यांच्या खांद्यावर हा बिल्ला असायचा. सरकारी बिल्ला मशीनवरचा, साधा असे. मग हौशी शिपाई इथल्या बाजारातून हाताने भरलेला, जरीचा, झगमगता बिल्ला करून घ्यायचे आणि आठवण म्हणून घरी न्यायचे. आता अमेरिकेत हे हातचे बिल्ले जमवणारे लोक आहेत. एकेका टाक्यावरून तासन्‌तास भांडतात. हॅरिसचं अशा वस्तूंचं दुकान होतं. हा बिल्ला त्यांनी एका शिपायाच्या विधवेकडून घेतला होता, आणि त्याच्या हुबेहूब नकला आमच्याकडून करून हव्या होत्या. नक्कल म्हणून, उघडपणे विकायला.

"पण माझी एक अट आहे," ते म्हणाले. "प्रत्येक डबीत एक कार्ड जाईल. मूळ बिल्ला कुठे बनला, कोणी बनवला. माझी गिऱ्हाइकं खोटं लगेच पकडतात. ते कळल्याशिवाय ऑर्डर नाही."

आमच्या धंद्यात याला प्रॉव्हेनन्स म्हणतात. म्हणजे वस्तूची कुळकथा. जन्म कुठला, कोणाकोणाच्या घरी नांदली, आणि याला पुरावा काय.

हॅरिस गेल्यावर कंपनीच्या मालकांनी, खुराना साहेबांनी, आम्हा दोघींना थांबवून घेतलं. "देखिए, बड़ा ऑर्डर है. आप दोनों लगिए. और जो ये पता करेगा, वही मेरे साथ अमेरिका के फेअर में जाएगा. टिकट एक ही है."

मी दिल्लीच्या पुढे कधी विमानाने गेले नव्हते. खरं तर दिल्लीतूनही विमानाने कुठे गेले नव्हते. केतकी कॉलेजात असतानाच लंडन बघून आली होती. तिकीट मलाच मिळायला हवं, असं मला वाटत होतं यात काही गैर आहे का? मला तर आजही वाटत नाही.

मी जुन्या दिल्लीतल्या आमच्या जरीवाल्यांकडे गेले. त्यांनी बिल्ला हातात घेतला, उजेडात धरला, चहा पाजला आणि सांगितलं की हे आमचं काम नाही, पण कोणाचं ते माहीत नाही. हे मला ऑफिसातच बसून सांगता आलं असतं. केतकीने मात्र लायब्रऱ्यांमध्ये फेऱ्या मारल्या, कुठल्या कुठल्या प्रोफेसरांना फॅक्स केले आणि आठवड्याच्या मीटिंगमध्ये छान बांधलेली फाइल ठेवली. तिचं मत कलकत्ता. तिथे फौजेची मोठी वर्दळ होती, तिथे शिंपी होते. खुराना साहेब "वाह, वाह" करत पानं उलटत होते. मी म्हटलं, "सर, इसमें प्रूफ कहाँ है?" केतकी म्हणाली, "शुभाताईंचं बरोबर आहे. प्रूफ नाहीये." माझी बाजू घेऊनही ती मला खाली पाडू शकायची.

बिल्ल्याच्या मागे काळ्या सुती कापडाचं अस्तर होतं. त्याचा एक कोपरा उसवलेला होता. मी तो पहिल्या दिवशीच पाहिला होता, पण हात लावला नव्हता. बायरच्या ओरिजिनलला सुई लावायची नाही हा आमच्या धंद्यातला पहिला नियम. केतकीने काय केलं? हॅरिसना फॅक्स करून परवानगी मागितली. त्यांनी दिली. मी नियम पाळत बसले आणि तिने नुसतं विचारलं. मला हे का सुचलं नाही याचा विचार करत मी त्या दिवशी डबाही खाल्ला नाही.

तिने खुराना साहेबांसमोर दोन टाके सोडवले आणि चिमट्याने अस्तर उचललं. आत आणखी एक कापड निघालं. लाल अंग, त्यावर बारीक पांढरी बुट्टी, कडेला पिवळा काठ. भरतकामाला जोर यावा म्हणून मधे घातलेलं.

"ब्रोकेड," मी म्हणाले.

"शुभाताई, हा खण आहे!" केतकी ओरडलीच. "आपला खण! चोळीचा!"

खण मला माहीत नव्हता असं नाही. पण दिल्लीत वाढलेल्या माझ्यासारखीला तो माहीत होता कपाटातल्या ब्लाउजपीसांच्या ढिगातला एक म्हणून. एका हळदीकुंकवाला यायचा, दुसऱ्या हळदीकुंकवाला जायचा. आमच्या घरात कोणी तो शिवलेला मी पाहिला नव्हता. माझ्या आईच्या ट्रंकेतलं कापड पुण्याच्या या मुलीने माझ्या आधी ओळखलं, आणि तेही माझ्या ऑफिसात, माझ्या साहेबासमोर. मला इतकं लागलं की मी उगाच खिडकी बंद करायला उठले. खिडकी बंदच होती.

केतकीने लगेच कलकत्ता सोडून पुणं धरलं. पुण्यात छावणी होती, खण तिकडचा, तेव्हा बिल्ला पुण्याचा. खुराना साहेबांनी मान डोलावली. मला मात्र एक गोष्ट केतकीपेक्षा जास्त माहीत होती, बहुधा एकच. युद्धाच्या काळात दिल्लीत सरकारी नोकरीतली मराठी कुटुंबं होती. गोल मार्केटच्या क्वार्टरांत राहत होती. माझी आई त्यांतलीच.

शनिवारी मी साहेबांना विचारून, सही करून बिल्ला घरी नेला. जानेवारीतलं ऊन होतं. आई बाल्कनीत मटार सोलत बसली होती. नोएडा तिला जंगल वाटायचं. समोरच्या रिकाम्या प्लॉटवर मोर येत, त्यांना ती "या, तुम्हीच राहिला होतात" म्हणायची.

"आई, हे बघ. हा खण आहे का गं?"

तिने हात पुसले, चष्मा पुसला, बिल्ला घेतला आणि थेट उलटा करून अस्तराचा उसवलेला कोपरा उचलला. पुढची बाजू बघितलीसुद्धा नाही.

"हा माझा आहे," ती म्हणाली.

"तुझा म्हणजे?"

"माझा म्हणजे माझा. आजोळाहून दोन आले होते, एकाच ताग्यातले. एक मी ठेवला. एक ओटीत घातला."

"कोणाच्या ओटीत?"

आईने बिल्ला माझ्या हातात दिला आणि पुढची शेंग उचलली.

"आई, कोणाच्या?"

"ओटीचा खण कापून कोणी गोऱ्याच्या खांद्याला लावतं का? लक्ष्मीसारखा दिला होता मी."

"हो, पण कोणाला?"

"नाव कळल्यावर तू काय करणार?"

"कार्डावर छापणार. अमेरिकेत जाईल. हजारो डब्यांमधून."

"मग राहू दे," आई म्हणाली.

त्या शनिवारी-रविवारी मी सगळं करून पाहिलं. रव्याचे लाडू केले. तिचे पाय चेपले. माझी नोकरी, माझं तिकीट, माझं विमान, सगळं सांगितलं. ती म्हणाली, "तू जा की अमेरिकेला, मी कुठे नाही म्हणते? तिला कशाला नेतेस?" दुसऱ्या कोणाला विचारावं, तर त्या पिढीतल्या बायका एक तर गेलेल्या, नाहीतर मुलांकडे पुण्याला. साक्षीदार एकच, आणि तो मटार सोलत होता.

सोमवारी साहेबांना सांगावं लागलं. केतकी समोरच होती.

"तो माताजी से पूछिए ना," खुराना साहेब म्हणाले.

"पूछा, सर. नाम नहीं बता रहीं."

"क्यों?"

"जलती हैं, सर. अभी तक."

मला वाटलं ते हसतील. पण त्यांनी गंभीरपणे मान हलवली. "मेरी माँ भी ऐसी ही थीं, हमारी बीजी. लाहौर छूट गया, सब छूट गया, पर चाची से जलना नहीं छूटा." मग थोडा विचार करून म्हणाले, "केतकी जी को ले जाइए घर. नया चेहरा है."

मला अजिबात न्यायचं नव्हतं. पण साहेबांनी सांगितल्यावर काय करणार? तिच्याच मारुतीतून तिला माझ्या घरी नेलं. शेजारच्या सेक्टरला पोचेपर्यंत तिने विचारलं, "आजींना काय आवडतं?" मी म्हटलं, "काही नाही." तिने वाटेत गाडी थांबवून मोगऱ्यासारखी दिसणारी कसली तरी फुलं घेतली.

घरात शिरल्या शिरल्या ती आईच्या पाया पडली. आईने तिला जवळ बसवलं. दिल्लीत वाढलेली माझी मुलगी वाकून नमस्कार करत नाही म्हणून आईची रोज बोलणी खायची. त्यानंतर अर्धा तास त्या दोघी काय बोलत होत्या ते मी स्वयंपाकघरातून ऐकत होते. आई खणाच्या काठाबद्दल सांगत होती, केतकी विचारत होती, "म्हणजे रुईफुली का, आजी?" आणि आई म्हणत होती, "अगं हो! हिला शंभरदा सांगितलं तरी कळत नाही. ही दिल्लीची." मी थालीपीठ थापत होते. माझ्या घरात, माझ्या तव्यावर, माझी आई तिच्या वाटणीला गेली होती. थालीपीठ एका बाजूने करपलं. ते मी केतकीला वाढलं. तिने "खरपूस झालंय हं" म्हणून मागून घेतलं दुसरं.

मग तिने पिशवीतून भिंग काढलं आणि बिल्ला मांडीवर घेतला.

"आजी, एक सांगू? इतकं सुबक भरतकाम मी आजवर हातात घेतलेलं नाही."

आईने दह्याची वाटी उचलली.

"या बाईंना देणगीच असणार. हा सूर्य बघा. काय जिवंत आहे!"

"जिवंत," आई म्हणाली.

"कलाकार असणार त्या. खऱ्या कलाकार."

आईच्या हातातली वाटी खाली आली. "कलाकार? भिंग आहे ना तुझ्याकडे? मग बघ की. खालचं डावीकडचं किरण बघ. बाकीच्यांच्या दीडपट जाड आहे."

केतकीने बघितलं. "हो की! पण ते मुद्दाम केलं असेल, आजी. हाताची खूण म्हणून."

"मुद्दाम? यमी वेलणकर मुद्दाम करेल? अगं, तिला साधी रांगोळीची ओळ सरळ येत नव्हती! प्रत्येक सूर्याला तिचं तेच एक किरण फुगायचं. आणि मागे गाठ मारायची नाही, दोरा नुसता दोनदा उलटा घ्यायची आणि कापायची. बघ मागे. गाठ दिसते का? दिसायची नाही. वेलणकरणीने उभ्या जन्मात गाठ मारली नाही!"

माझ्या हातात उलथनं होतं. मी तशीच दारात उभी राहिले. दोन दिवस पाय चेपून मला जे मिळालं नव्हतं, ते केतकीने एका कौतुकात काढून घेतलं होतं. तिने हे मुद्दाम केलं की तिला खरंच तसं वाटत होतं, हे मला आजपर्यंत कळलेलं नाही. दोन्हींपैकी कशाचा जास्त राग येईल तेही ठरवता आलेलं नाही.

एकदा नाव निघाल्यावर आई दुपारभर बोलत होती. वेलणकर शेजारच्या क्वार्टरमध्ये राहायचे. कॅनॉट प्लेसच्या व्हरांड्यात बसणाऱ्या एका शिंप्याकडे अमेरिकन शिपाई रांग लावायचे. त्याच्याकडे हात कमी पडले, म्हणून तो जरी आणि कापड घरोघरी देऊन बायकांकडून भरून घ्यायला लागला. आईने आणि यमीने एकाच दिवशी नमुना दिला.

"माझी सगळी किरणं सारखी होती," आई म्हणाली. "त्याने दोन्ही बाजूबाजूला ठेवले. माझ्याकडे बघून म्हणाला, बहनजी, आपका सही है. उसका चमकता है."

तिचा आवाज जरा बदलला. मी तिच्याकडे पाहिलं. मग केतकीच्या झुमक्यांकडे पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदा मला आईचं म्हणणं एका वाक्यात कळलं.

यमीला काम मिळालं. त्या पैशांतून तिने ग्रामोफोन घेतला आणि खिडकीत ठेवला. आमच्याच बाजूच्या खिडकीत, असं आईचं म्हणणं. युद्धामुळे कापड मिळत नव्हतं. भरतकामाखाली घालायला काहीतरी हवंच होतं. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आई वेलणकरांकडे गेली, तर सतरंजीवर तिने ओटीत दिलेला खण कापून, तुकडे करून ठेवलेला.

"काठासकट," आई म्हणाली. "मी तिच्या हातचा तिळगूळ घेतला नाही. पुढे त्यांची नागपूरला बदली झाली. ती गेल्याचं पत्र आलं तेव्हा वाईट वाटलं मला. पण तिळगूळ घेतला नाही याचं नाही वाटलं."

केतकी वहीत उतरवून घेत होती. मी म्हटलं, "हे सगळं ठीक आहे. पण खण तुझाच हे कशावरून? असे खण गावभर असतील." हॅरिस हेच विचारणार हे मला पक्कं ठाऊक होतं. माझी इतक्या वर्षांची नोकरी काही फुकट गेली नव्हती.

"माझी गोधडी आण," आई म्हणाली.

ती गोधडी मी इस्त्रीखाली घालत होते. आणून पसरली. आईच्या वाटचा खण चोळी झाला होता, चोळी विरल्यावर गोधडीत गेला होता. तो तुकडा कोपऱ्यात होता. लाल अंग, पांढरी बुट्टी, पिवळा काठ. आईने काठावर नखाने रेघ दाखवली. पिवळ्यात एक दोरा गळालेला होता. विणकराच्या मागावर तो दोरा नव्हताच, म्हणून त्या जागी सगळ्या लांबीभर एक बारीक लाल रेघ गेली होती. मी बिल्ल्याचं अस्तर उचललं आणि काठ काठाला लावला. लाल रेघ एकातून दुसऱ्यात सरळ गेली. ही रेघ मी जुळवली, केतकीने नाही. ते मी इथे मुद्दाम लिहून ठेवते.

फोटो काढून, मोजमाप घेऊन रिपोर्ट गेला. इंग्रजी केतकीचं, पुरावा आमच्या गोधडीचा. हॅरिसचा फॅक्स आला. कापड पटलं, पण साक्षीदाराबद्दल शंका होती. घरच्या आणि मित्रमंडळींच्या आठवणींवर ते विश्वास ठेवत नसत. लोक आपल्या माणसाबद्दल प्रेमापोटी वाढवून सांगतात, असा त्यांचा अनुभव. माताजी या बाईंची मैत्रीण होती का, असा प्रश्न होता.

केतकी मसुदा लिहायला बसली. मी तिच्या हातातून कागद घेतला आणि माझ्या मोडक्या इंग्रजीत स्वतः उत्तर लिहिलं. मैत्रीण नव्हती. शेजारीण होती. पन्नास वर्षं तिच्यावर जळते आहे. तिने या बाईबद्दल एकही चांगला शब्द सांगितलेला नाही.

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. असा भरवशाचा साक्षीदार मला धंद्यात कधी मिळाला नव्हता, ऑर्डर पक्की समजा.

खुराना साहेबांनी लाडू वाटले. मग मला केबिनमध्ये बोलावलं. ते पेपरवेट फिरवायला लागले तेव्हाच मला कळलं.

"शुभा जी, फेअर में बोलना पड़ता है. केतकी जी का प्रेज़ेंटेशन अच्छा है. और आप नहीं होंगी तो यहाँ माल कौन बनवाएगा? आपका काम बिल्कुल सही है."

आपका सही है. मी "जी सर" म्हटलं आणि बाहेर आले. केतकी अमेरिकेला गेली. मला दिवाळीत मिक्सर मिळाला. तिने येताना माझ्यासाठी चॉकलेटं आणली, आईसाठी शाल आणली. शाल आईला इतकी आवडली की उन्हाळ्यातही पांघरायची.

माल मी बनवून घेतला. पहिल्या सॅम्पलमध्ये आमच्या कारागिरांनी सगळी किरणं सारखी काढली. हॅरिसनी परत पाठवलं. खालचं डावीकडचं किरण जाड हवं. मग बसून प्रत्येक बिल्ल्यात ते एक किरण मोजून फुगवावं लागलं. आईला सांगितलं तेव्हा तिने चष्मा काढून पुसला. मग म्हणाली, "म्हणजे चुकली म्हणून मोठी झाली."

कार्डाचं प्रूफ माझ्या टेबलावर आलं तेव्हा केतकी टूरवर होती. भरतकाम श्रीमती यमुना वेलणकर, गोल मार्केट, नवी दिल्ली. खाली जागा होती. मी पेन घेतलं आणि एक ओळ वाढवली. अस्तराखालचा खण श्रीमती सुशीला दामले यांजकडून, भेट. खोटं त्यात काहीच नव्हतं. हॅरिसना ती ओळ सर्वांत जास्त आवडली.

आईने एक कार्ड मागून घेतलं. महाराष्ट्र मंडळात कोणी नवीन बाई भेटली की ती पर्समधून काढून दाखवायची. कार्ड धरायची अशा बेताने की वेलणकरणीच्या नावावर अंगठा यायचा.

या प्रकरणातून मी धंद्याची एक गोष्ट शिकले आणि पुढे नव्या पोरांनाही शिकवली. वस्तूची कुळकथा हवी असेल तर बनवणाऱ्याच्या मित्राला विचारू नका. मित्र म्हणतो, छान होती, आणि गप्प बसतो. तिच्यावर जळणाऱ्याला शोधा. त्याला प्रत्येक टाका पाठ असतो. बोलत नसेल तर त्याच्यासमोर तिचं कौतुक करा.

आता मी रिटायर झाले आहे. केतकी मोठी डिझायनर झाली. मासिकांत फोटो येतात, झुमके तेच. मागच्या महिन्यात तिच्यावर लेख लिहिणारी एक मुलगी माझ्याकडे आली. म्हणाली, "मॅम, त्यांच्या सगळ्या मैत्रिणींना भेटले. सगळ्या म्हणतात फार छान होती. पुढे कोणाला काही आठवतच नाही. पण काय टॅलेंट आहे ना त्यांचं? जिनियसच!"

मी गॅसवर चहा ठेवला आणि तिला म्हटलं, "वही काढ."